उलाढालीत पहिला, म्हणजे कशात पहिला?

2023-24 या आर्थिक वर्षात विप्रोची उलाढाल 89,760 कोटी रुपये होती. त्याच वर्षी चेन्नईच्या रेडिंग्टन या कंपनीनेही 89 हजार कोटींचा टप्पा ओलांडला. दोन्ही तंत्रज्ञान क्षेत्रातल्या, दोन्ही शेअर बाजारात नोंदलेल्या. महसुलाच्या यादीत त्या जवळजवळ शेजारीशेजारी बसतात. आता डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीत चौकशी करा. विप्रोत असलेला भाचा, मेव्हणा, नाहीतर समोरच्या बिल्डिंगमधली मुलगी प्रत्येकाकडे निघेल. रेडिंग्टन हे नाव बहुतेकांनी ऐकलेलंही नसेल.

रेडिंग्टन सॉफ्टवेअर लिहीत नाही. लॅपटॉप, मोबाइल, सर्व्हर, प्रिंटर घाऊक विकत घेते आणि दुकानदारांपर्यंत पोचवते. कल्याणच्या बाजार समितीतल्या अडत्याच्या हाताखालून दिवसाकाठी लाखोंचा भाजीपाला जातो, पण पदरात पडते ती अडत. व्यवहाराची जात तीच. फरक एवढाच की अडत्या मालाचा मालक नसतो, म्हणून त्याच्या खात्यात फक्त अडत जमा दिसते. रेडिंग्टन माल स्वतःच्या नावावर घेऊन विकते, म्हणून हिशेबाच्या नियमाप्रमाणे लॅपटॉपची सगळी किंमत तिची उलाढाल ठरते. त्या वर्षी विप्रोचा निव्वळ नफा 11,045 कोटी होता आणि रेडिंग्टनचा बाराशे कोटींच्या आसपास. यात रेडिंग्टनचा काही दोष नाही. वितरणाचा धंदा ती उत्तम करते. पण दोन वेगळ्या धंद्यांना एकाच फूटपट्टीने मोजलं की काय होतं, ते इथे दिसतं.

ही फूटपट्टी आली कुठून? अमेरिकेतल्या 'फॉर्च्युन' मासिकाने 1955 साली देशातल्या सर्वांत मोठ्या 500 औद्योगिक कंपन्यांची यादी छापली आणि क्रम लावला तो विक्रीवरून. तेव्हा मोठ्या कंपन्या म्हणजे पोलाद, मोटारी, तेल. अशा धंद्यात विक्रीचा आकडा म्हणजे प्रत्यक्ष बाहेर पडलेल्या मालाचा अंदाज असे. सेवा देणाऱ्या कंपन्यांना त्या मुख्य यादीत जागा मिळायला 1995 उजाडलं. आपल्याकडे 'डेटाक्वेस्ट' मासिकाची वार्षिक क्रमवारी, नॅसकॉमची सॉफ्टवेअर निर्यातदारांची यादी, 'फॉर्च्युन इंडिया 500' या सगळ्यांनी तोच कित्ता गिरवला. कारण साधं आहे. उलाढालीचा आकडा लेखापरीक्षकाने तपासलेला असतो, छापील असतो आणि कुणाशी वाद न घालता एकाखाली एक लावता येतो. गुणवत्तेची यादी करायला बसलात तर पहिल्या नावालाच भांडण.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत ही क्रमवारी केवळ वाचायची गोष्ट राहिलेली नाही. ती इथल्या घरांच्या जमाखर्चात शिरली आहे. एमआयडीसी 1962 साली स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी एक. तिथल्या यंत्रांच्या शेडच्या जागी आता काचेचे आयटी पार्क आहेत. घोडबंदर रस्त्यावर हिरानंदानी इस्टेटमध्ये टीसीएसचं ऑलिम्पस, पोखरण रोड नंबर दोनवर तिचंच यंत्र पार्क. खाडीपलीकडे ऐरोलीत माइंडस्पेस आणि कॅपजेमिनी. 2004 साली ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल सुरू झाली आणि डोंबिवलीकराला ऐरोलीची नोकरी मुंबईतल्या नोकरीपेक्षा जवळची झाली.

एवढी माणसं ज्या धंद्यावर जगतात, तिथे कंपनीच्या नंबरला रोख किंमत येते. खासगी बँका पर्सनल लोन देताना नोकरी देणाऱ्या कंपन्यांची वर्गवारी ठेवतात. कंपनी वरच्या वर्गात असेल तर व्याजदर कमी आणि मंजुरी लवकर. पगार तोच, काम तेच, पण कंपनी अनोळखी असली की जामीनदार आणा, तीन वर्षांचे रिटर्न आणा. लग्नाच्या बाजारात वेगळं काय चालतं? 'मुलगा टीसीएसमध्ये आहे' या वाक्यानंतर पुढचा प्रश्न पॅकेजचा येतो, कामाचा येत नाही. वागळे इस्टेटमधल्या पन्नास माणसांच्या कंपनीत बँकेसाठी फसवणूक ओळखणारी प्रणाली लिहिणाऱ्या मुलाला मात्र आधी कंपनीचं नाव दोनदा सांगावं लागतं आणि मग ती नक्की काय करते ते समजावून द्यावं लागतं.

तेव्हा या मोठ्या आकड्यात नेमकं असतं तरी काय, ते पाहू. उदाहरण यादीत वर्षानुवर्षं पहिल्या असलेल्या कंपनीचंच घेऊ.

टीसीएसची उलाढाल 2009-10 मध्ये सुमारे 30 हजार कोटी होती. 2024-25 मध्ये ती 2,55,324 कोटी झाली. पंधरा वर्षांत साडेआठ पट. हे ऐकून कुणीही टाळ्या वाजवेल. आता हाच आकडा डॉलरमध्ये मांडा, कारण कंपनीची बहुतेक कमाई परकी चलनात होते. तेव्हा 6.3 अब्ज डॉलर, आता 30 अब्जांच्या थोडं वर. म्हणजे पावणेपाच पट. उरलेली वाढ रुपया 47 वरून 84-85 पर्यंत घसरल्याची. आता माणसं मोजा. मार्च 2010 मध्ये 1 लाख 60 हजार कर्मचारी होते, मार्च 2025 मध्ये 6 लाख 8 हजार. पावणेचार पटींहून थोडे जास्तच. माणशी डॉलर उलाढाल काढली तर ती साडेएकोणचाळीस हजारांवरून साडेएकोणपन्नास हजारांच्या आसपास गेली. पंधरा वर्षांत पंचवीस टक्के.

साडेआठ पटींच्या आकड्यात माणसांच्या वाढत्या संख्येचा वाटा सर्वांत मोठा, मग रुपयाच्या घसरणीचा, आणि एकेका माणसाच्या कामाची किंमत वाढल्याचा वाटा सर्वांत लहान. टीसीएस नफ्यात उत्तम आहे. 2024-25 चा निव्वळ नफा 48,553 कोटी, कर्ज जवळजवळ नाही. तिला अपयशी म्हणायला कुणी धजावणार नाही. तरीही क्रमवारीतला पहिला नंबर मुख्यतः हे सांगतो की इतकी माणसं गोळा करून, शिकवून, जगभरच्या क्लायंटच्या कामाला लावून त्यांचं बिल वसूल करण्याची शिस्त दुसऱ्या कुणाकडे नाही. ती शिस्त फार मोठी गोष्ट आहे. पण तंत्रज्ञानातलं यश हे तिचं नाव नव्हे.

आणि ती शिस्त कुणाच्या खांद्यावर उभी आहे? 2010 च्या आसपास मोठ्या आयटी कंपन्या कॅम्पसमधून घेतलेल्या नव्या इंजिनिअरला वर्षाला तीन-सव्वातीन लाख देत. आजही सरसकट भरतीचा आकडा साडेतीन लाखांच्या अलीकडेपलीकडेच रेंगाळतो. निवडक मुलांना सात-नऊ लाख मिळतात, ते वेगळं. या काळात डोंबिवलीतल्या वन-बीएचकेचं भाडं, शाळेची फी आणि इंजिनिअरिंग कॉलेजची फी कुठे गेली ते वाचकांना माहीत आहे. जून 2025 मध्ये टीसीएसने नियम केला की कर्मचाऱ्याने वर्षात किमान 225 दिवस बिल होणाऱ्या कामावर असावं आणि बेंचवर, म्हणजे अशा कामाविना, 35 दिवसांहून जास्त राहू नये. पुढच्याच महिन्यात कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. त्या वर्षीही क्रमवारीत ती पहिलीच होती. नोकरी टिकेल का, हा प्रश्न विचारणाऱ्या घराला यादीतून काहीच कळलं नसतं.

उलाढाल वाढण्यात दर वर्षी एखादा योगायोगही असतो. 2023 साली टीसीएसच्या पुढाकाराने बनलेल्या समूहाला बीएसएनएलच्या 4जी जाळ्याचं 15 हजार कोटींहून मोठं काम मिळालं. त्यात उपकरणांचा वाटा मोठा होता, आणि उपकरणं विकून सॉफ्टवेअरइतका नफा सुटत नाही. 2024-25 मध्ये टीसीएसची रुपयांतली वाढ सहा टक्के दिसली. चलनाचा परिणाम वगळला तर ती 4.2 टक्के भरते, आणि त्यातही भारतातल्या या कामाचा हात होता. बातम्यांच्या मथळ्यात सहा टक्के येतात.

ऐरोलीच्या कॅम्पसची कथा सांगितल्याशिवाय हा आढावा पुरा होणार नाही, कारण ठाण्याच्या पंचक्रोशीत या विषयावर इतका चांगला धडा दुसरा नाही. आज जिथे कॅपजेमिनी आहे, तिथे एके काळी पटनी कम्प्युटर सिस्टिम्सचं नॉलेज पार्क होतं. पटनी ही भारतीय सॉफ्टवेअर उद्योगातल्या आद्य कंपन्यांपैकी एक. नारायण मूर्ती आणि इन्फोसिसचे बाकी संस्थापक तिथूनच बाहेर पडले आणि 1981 साली पुण्यात त्यांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची कंपनी काढली. पुढे इन्फोसिस कुठच्या कुठे गेली, तरी पटनीही निर्यातदारांच्या यादीत पहिल्या दहांत असायची. अमेरिकेत मोठे क्लायंट, अमेरिकी शेअर बाजारात नोंदणी, ऐरोलीत देखणा कॅम्पस. बाहेरून काही उणं नव्हतं. आत मात्र तिघा पटनी बंधूंमध्ये एकमत नव्हतं, भागीदार गुंतवणूकदाराला बाहेर पडायचं होतं आणि कंपनी विकायची की चालवायची यावर वर्षानुवर्षं घोळ चालला होता.

जानेवारी 2011 मध्ये आयगेट या कंपनीने पटनी सुमारे 1.2 अब्ज डॉलरला विकत घेण्याचा करार केला. आयगेटची उलाढाल पटनीच्या निम्मीदेखील नव्हती. क्रमवारीत खूप खाली असलेल्या कंपनीने वरच्या कंपनीला गिळलं. पैसा कर्जाचा आणि गुंतवणूक संस्थेचा होता, पण धडाडी व्यवस्थापनाची. मग चार वर्षांनी, 2015 मध्ये, आयगेटही गेली. फ्रान्सच्या कॅपजेमिनीने ती सुमारे चार अब्ज डॉलरला घेतली. ऐरोलीच्या त्याच इमारतींवर एकामागून एक तीन नावांच्या पाट्या लागल्या. आत बसून कोड लिहिणारी बरीचशी माणसं तीच होती, सकाळची लोकल तीच होती. या सगळ्या काळात प्रत्येक वर्षीची यादी बिनचूक होती. पटनीचा आकडा खरा, आयगेटचा आकडा खरा. कोण कुणाला विकत घेणार हे मात्र कुठल्याच यादीतून कळण्याजोगं नव्हतं. ते कळत होतं मालकांच्या भांडणातून, आणि भांडणासाठी ताळेबंदात रकाना नसतो.

पटनीच्या कथेत आकडे निदान खरे होते. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला लिहिलेलं कबुलीचं पत्र जाहीर झालं तेव्हा तेही गृहीत धरता येत नाही हे कळलं. सप्टेंबर 2008 च्या तिमाहीत कंपनीने उलाढाल 2,700 कोटी दाखवली होती. पत्राप्रमाणे खरी होती 2,112 कोटी. धंद्यातला नफा दाखवला 649 कोटी, खरा 61 कोटी. बँकेतली 5,040 कोटींची शिल्लक अस्तित्वातच नव्हती. देशातली चौथी मोठी आयटी कंपनी म्हणून सत्यमचं नाव घेतलं जात होतं आणि अवघ्या काही महिन्यांपूर्वी उत्तम कारभाराचा पुरस्कारही तिला मिळाला होता.

उलाढाल आणि नफा या आकड्यांच्या दोन जोड्यांकडे नीट पाहण्यासारखं आहे. उलाढाल फुगवली ती पावपटीहून थोडी जास्त. नफा फुगवला तो दहापटींहून जास्त. म्हणजे खोटं बोलणाऱ्यालाही उलाढाल फार ताणता आली नाही, कारण तिच्यामागे ग्राहक असतो, बिल असतं, माणसांची हजेरी असते. उलाढालीच्या बाजूने बोलायचं तर माझ्या मते हा सर्वांत जोरदार मुद्दा आहे. नफा हे बरंचसं हिशेबनिसाचं मत असतं. उलाढाल त्या मानाने खरी.

तिच्या बाजूने दुसराही मुद्दा आहे. उलाढालीला पर्याय म्हणून गेल्या दहा-पंधरा वर्षांत जे मिरवलं गेलं ते मूल्यांकन. ऑनलाइन शिकवणीच्या बायजूज या कंपनीचं मूल्यांकन 2022 मध्ये 22 अब्ज डॉलर सांगितलं जात होतं. तिचे 2020-21 चे तपासलेले आकडे आले ते वर्ष संपल्यावर दीड वर्षाने. अनेक महिन्यांच्या शिकवणीचे पैसे एकदम कमाई म्हणून धरता येतात का, यावर लेखापरीक्षक अडून बसले होते. शेवटी उलाढाल 2,428 कोटी आणि तोटा 4,588 कोटी निघाला. 2024 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बावीस अब्ज हा आकडा काही गुंतवणूकदारांच्या आशेतून आला होता. त्याच्यापुढे उलाढाल म्हणजे साधी, गावठी आणि विश्वासू गोष्ट वाटते.

परदेशी याद्यांतही गंमत कमी नाही. 2006 मध्ये एचपीने उलाढालीत आयबीएमला मागे टाकलं. आयबीएमने त्याआधीच आपला पीसीचा धंदा लेनोव्होला विकून टाकला होता, म्हणजे उलाढाल जाणूनबुजून सोडली होती. पुढे एचपीचेच 2015 मध्ये दोन तुकडे झाले. अगदी अलीकडचं पाहायचं तर 2025 च्या 'फॉर्च्युन'च्या अमेरिकी यादीत वॉलमार्ट पहिली, ॲमेझॉन दुसरी आणि एनव्हिडिया एकतिसावी. नफा पाहिला तर एनव्हिडियाचा सुमारे 73 अब्ज डॉलर, ॲमेझॉनचा 59 आणि वॉलमार्टचा 19 अब्ज. एनव्हिडियाची माणशी उलाढाल रुपयांत तीस कोटींच्या आसपास पडते, टीसीएसची 42 लाख. हे सांगताना ऊर बडवायचं कारण नाही. एकीकडे चिपचं डिझाइन विकलं जातं आणि दुसरीकडे माणसाचा वेळ. पण दोघींना 'टेक कंपनी' या एकाच शब्दाखाली बसवून उलाढालीने क्रम लावला की वाचकाच्या हाती काही पडत नाही.

काही कंपन्या तर यादीत येऊच शकत नाहीत. परदेशी बँका आणि विमा कंपन्या भारतात स्वतःची तंत्रज्ञान केंद्रं चालवतात. नॅसकॉमच्या मोजणीनुसार 2023-24 मध्ये अशी 1,700 हून जास्त केंद्रं होती आणि त्यांत 19 लाख माणसं काम करत होती. ऐरोली-नवी मुंबईच्या पट्ट्यातही ती आहेत. त्यांचा ग्राहक एकच, स्वतःची मूळ कंपनी. खर्चावर ठरावीक टक्के चढवून बिल लावायचं, एवढीच त्यांची उलाढाल. खर्च वाढला की 'महसूल' वाढतो. अशा ठिकाणी उलाढालीवरून यश मोजणं म्हणजे निव्वळ विनोद आहे.

आता कल्याण-डोंबिवलीचं स्वतःचं उदाहरण. मला ते या सगळ्यात मोलाचं वाटतं आणि इथल्याच लोकांना त्याचा विसर पडला आहे. या शतकाच्या सुरुवातीला, देशातल्या बहुतेक महापालिकांत जन्माचा दाखला म्हणजे टेबलाटेबलावरची विनवणी होती, तेव्हा कल्याण-डोंबिवली महापालिकेने सगळे विभाग एका संगणक प्रणालीवर आणायला घेतले. जन्म-मृत्यू दाखले, मालमत्ता कर, पाणीपट्टी, तक्रारी, सगळं एकाच नागरी सुविधा केंद्रातून. ही प्रणाली बनवली एबीएम नॉलेजवेअर या मुंबईतल्या छोट्या कंपनीने, प्रकाश राणे यांच्या नेतृत्वाखाली. पुढे राज्य सरकारने कल्याण-डोंबिवलीचा हाच नमुना राज्यातल्या इतर नागरी संस्थांसाठी स्वीकारला. देशभरातून अधिकारी तो पाहायला आले.

एबीएम शेअर बाजारात नोंदलेली आहे. तिची उलाढाल टीसीएसच्या उलाढालीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी आहे. क्रमवारीच्या पहिल्या शंभरात तिला शोधायला जाऊ नका. पण महाराष्ट्रातल्या शहरी माणसाचा आणि त्याच्या पालिकेचा व्यवहार बदलण्यात तिचा जो वाटा आहे, तो पहिल्या दहांतल्या किती कंपन्यांना सांगता येईल? टीसीएसला येईल. पासपोर्टचं काम 2008 च्या करारापासून तिच्याकडे आहे आणि वागळे इस्टेटमधल्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन आलेला माणूस जुन्या रांगांची आठवण काढून तिला दुवा देतो. मात्र टीसीएसच्या अडीच लाख कोटींत तो आकडा कुठे हरवतो ते शोधूनही सापडणार नाही.

एक खुलासा इथेच करायला हवा, नाहीतर पालिकेचं फुकट कौतुक व्हायचं. तक्रार संगणकावर नोंदवता आली म्हणून डोंबिवलीतला खड्डा बुजला असं झालं नाही. आधारवाडीच्या कचऱ्याचा डोंगर सॉफ्टवेअरने हलला नाही. चांगली प्रणाली आणि चांगला कारभार यांत अंतर असतं. लोकांना झालेला उपयोग हे यशाचं माप धरलं तरी तेही असं अर्धवट निघतं.

लोकलच्या डब्यात वेगळं उदाहरण बसलेलं असतं. एम-इंडिकेटर. सचिन टेके यांनी 2010 च्या सुमारास हे ॲप आणलं, तेव्हा स्मार्टफोनही मोजक्यांकडे होते. नेट नसताना वेळापत्रक दिसावं, मेगाब्लॉक कळावा, रिक्षाचं भाडं पाहता यावं. कल्याणहून सुटणारी पुढची फास्ट किती वाजता, हे पाहायला उघडलेलं ॲप आजही बहुधा तेच असतं. त्यांच्या मोबॉण्ड या कंपनीचं नाव प्रवाशाला माहीत नाही आणि माहीत असण्याची गरजही नाही. यूपीआयचंही तसंच. एप्रिल 2016 मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेतून 2024 या एका वर्षात 17 हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. ती चालवणारी एनपीसीआय ही ना-नफा तत्त्वावरची संस्था आहे आणि जानेवारी 2020 पासून दुकानदाराला त्यासाठी शुल्क पडत नाही. फडके रोडवरचा भजीवाला क्यूआर कोड टांगतो, त्यातून कुणाच्याही उलाढालीत जवळजवळ काही पडत नाही.

मग क्रमवारी निरुपद्रवी आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करा, असं म्हणून सुटता आलं असतं. पण ती एका ठिकाणी प्रत्यक्ष नुकसान करते, आणि ते म्हणजे टेंडर. सरकारी आणि पालिकांच्या निविदांत गेल्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल अमुक कोटी हवी, अशी अट असते. उद्देश बरा आहे. काम अर्ध्यात टाकून पळणारा ठेकेदार टाळायचा. पण या अटीने छोटी, त्या विषयातली जाणकार कंपनी दारातच अडते. काम मोठ्या नावाच्या कंपनीला मिळतं आणि तीच छोटी कंपनी खाली उपठेकेदार म्हणून ते करते, कमी पैशात. केंद्र सरकारने 2016 पासून आपल्या खरेदीत स्टार्टअप आणि लघुउद्योगांना आधीच्या उलाढालीची आणि अनुभवाची अट सैल करण्याची मुभा दिली. ही मुभा कागदावर आहे. अधिकारी ती वापरायला कचरतात, कारण मोठी कंपनी निवडून काम फसलं तर कंपनीला दोष, छोटी निवडून फसलं तर अधिकाऱ्याची चौकशी. कल्याण-डोंबिवली आणि ठाणे दोन्ही शहरं 2016 मध्ये स्मार्ट सिटी योजनेत आली. आज कुणी नवी एबीएम त्यांच्या दाराशी आली, तर तिला आत घेतलं जाईल का? मला शंका आहे.

माझं मत सांगतो. सेवा विकणाऱ्या कंपनीची उलाढाल तिचा पसारा आणि वसुलीची शिस्त सांगते, आणि ते कामाचं आहे. उत्पादन विकणाऱ्या कंपनीबद्दल ती फार कमी सांगते. वितरण करणाऱ्या कंपनीची उलाढाल या दोघींच्या रांगेत मांडूच नये. वेगवेगळ्या जातीच्या कंपन्यांची एकत्र क्रमवारी छापणाऱ्यांनी निदान शेजारच्या रकान्यात नफा, माणशी उलाढाल आणि हातात आलेली रोकड छापावी. जागा लागते चार अक्षरांची. एप्रिल-जून 2022 च्या तिमाहीत इन्फोसिसमधून नोकरी सोडून जाणाऱ्यांचं वार्षिक प्रमाण 28.4 टक्के होतं आणि त्याच वर्षी तिची रुपयांतली उलाढाल वीस टक्क्यांवर वाढली. हे दोन आकडे शेजारीशेजारी छापले असते तर कॅम्पसच्या मुलांनी मुलाखतीत वेगळे प्रश्न विचारले असते.

कल्याण-डोंबिवलीच्या आणि ठाण्याच्या पालिकांना सांगणं एवढंच, की संगणक प्रणालीच्या निविदेत उलाढालीची अट घालताना, हेच काम आधी कुठे केलंय आणि ते आज चालतंय का, या प्रश्नाला त्याहून जास्त गुण द्या. आणि ज्यांच्या घरात यंदा ऑफर लेटर येणार आहे त्यांना: नोंदलेल्या प्रत्येक कंपनीचा वार्षिक अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यात किती माणसं सोडून गेली, मोठ्या पाच-दहा ग्राहकांवर किती कमाई अवलंबून आहे आणि दाखवलेल्या नफ्यापैकी किती रोकड खरोखर हातात आली, हे बहुधा लिहिलेलं असतं. बॉण्डवर सही करण्याआधी अर्धा तास काढून तेवढी पानं मुलाबरोबर बसून वाचा.